गाडी अधूनमधून सुरू न होणे : दोषनिदान

किल्ली फिरवल्यावर मोटारगाडी कधी लगेच सुरू होते, कधी अजिबात होत नाही, आणि मधल्या वेळात तिला कोणी हातही लावलेला नसतो. अशा लपंडाव खेळणाऱ्या बिघाडाचे कारण शोधण्याची ही पद्धत. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या टापूत, ही तक्रार अहिराणीतून ‘कधी चालू व्हस, कधी व्हत नही’ अशी कानावर येते. कायमचा बिघाड गॅरेजात उभ्या गाडीत सापडतो; हा मात्र गाडी गॅरेजात पोचेपर्यंत निघून गेलेला असतो. म्हणून बिघाड घडला त्या क्षणी काय दिसले, काय ऐकू आले, इंजिन गरम होते की थंड, आधी गाडी किती चालली होती, याची मालकाने ठेवलेली नोंद मिस्त्रीच्या पान्याइतकीच कामाची असते.

पहिला प्रश्न एकच : सेल्फ, म्हणजे इंजिनाला सुरुवातीचा फेरा देणारी विजेची मोटर, फिरतो का? ‘गाडी सुरू होत नाही’ या वाक्यात दोन निराळे बिघाड दडलेले असतात. सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पकड घेत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ ठीक आहेत. दोष इंधन, ठिणगी किंवा सेन्सरकडे आहे. सेल्फ फिरतच नाही, नुसते ‘टक्’ वाजते किंवा तो रेंगाळत फिरतो, तर दोष विजेच्या वाटेत आहे. यांची गल्लत झाली की नवी बॅटरी बसते आणि आठवड्याने गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहते. आधी बॅटरी बदलून पाहण्याची सवय या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे.

खरे पाहता बॅटरी तपासायला पाच मिनिटे लागतात. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. हे तिन्ही आकडे बरोबर असूनही सेल्फ अडत असेल, तर जोडण्यांकडे वळावे. सेल्फ छोट्या पेट्रोल गाडीतही शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. २०० अँपिअरच्या वाटेत अवघा ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी, इंजिनाला बॅटरीच्या ऋण बाजूशी जोडणाऱ्या अर्थिंग पट्टीचा सैल बोल्ट, आतून गंजलेली केबल यांना एवढा अडथळा सहज जमतो. आणि तोच बोल्ट गाडी हादरली की पुन्हा नीट टेकतो, म्हणून बिघाड कधी असतो, कधी नसतो.

हा अडथळा डोळ्यांनी दिसत नाही, तो सेल्फ फिरतानाच मोजावा लागतो. मल्टिमीटरची, म्हणजे व्होल्ट मोजण्याच्या यंत्राची, एक तार बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून दुसऱ्याने किल्ली फिरवावी. ०.५ व्होल्टहून जास्त आकडा आला तर त्या वाटेत दोष आहे. ऋण खांब आणि इंजिनाचे अंग यांच्यात ०.२ व्होल्टच्या आसपास मर्यादा मानतात. तार केबलच्या क्लॅम्पवर नव्हे, बॅटरीच्या शिशाच्या खांबावरच टेकवावी. नाहीतर खांब आणि क्लॅम्प यांच्यातला नेमका दोष मापातून निसटतो.

बिघाड हाती लागतच नसेल तर एक साधी युक्ती उपयोगी पडते. सेल्फच्या सोलेनॉइडला, म्हणजे किल्लीच्या हुकमावर सेल्फला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचला, जाणाऱ्या बारीक तारेवरून फ्यूज लावून एक तार केबिनमध्ये आणावी आणि तिला १२ व्होल्टचा छोटा दिवा जोडावा. पुढच्या वेळी गाडी अडली आणि दिवा पेटला, तर हुकूम सेल्फपर्यंत पोचला आहे. दोष सेल्फ, सोलेनॉइड किंवा जाड केबलमध्ये. दिवा पेटला नाही, तर किल्लीचा स्विच, रिले (विजेने चालणारा छोटा स्विच), क्लचचा स्विच किंवा ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा स्विच पाहावा. एका प्रसंगात अर्धी गाडी संशयातून मुक्त होते.

खानदेशात या बिघाडामागे उष्णता फार वेळा सापडते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ भागात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तांब्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २५ अंशांवरची सोलेनॉइडची गुंडाळी इंजिनाशेजारी ८५ अंशांपर्यंत तापली की तिचा रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो, आणि झिजलेला सोलेनॉइड ओढ घेत नाही. इंजिन बंद केल्यावर बॉनेटखालची उष्णता काही मिनिटे वाढतच राहते, हेही विसरू नये. धुळ्याहून निघालेली गाडी पारोळ्याला चहासाठी थांबते, वीस मिनिटांनी सुरू होत नाही आणि तासाभराने काही झालेच नाही अशी सुरू होते, ते यामुळे.

सेल्फ फिरतो पण तापलेली गाडी पेट घेत नाही, तर इंजिनाच्या फिरण्याची खबर देणाऱ्या क्रँकशाफ्ट सेन्सरवर पहिला संशय घ्यावा. सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा जागचा हलला नाही तर संशय बळावतो, आणि सेन्सर गार झाल्यावर गाडी सुरू झाली तर निदान जवळपास पक्के होते. गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड नसला म्हणून सेन्सरला निर्दोष मानू नये. पेट्रोल गाडीत किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोनएक सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. ती येत नसेल तर पंप किंवा त्याचा रिले. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून टाकी कायम तळाशी ठेवणाऱ्याचा पंप लवकर थकतो. डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी किल्लीला ओळखत नसावी; दुसऱ्या किल्लीने पाहावे.

उन्हाळा बॅटरीची झीज करतो, पण तिचा दोष बहुधा थंडीत उघड होतो. रात्रीचा पारा १० अंशांखाली गेला की तेल घट्ट होते, बॅटरीचे बळही घटते. सकाळीच अडणाऱ्या डिझेल गाडीत ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे प्लग) आणि इंधनाच्या नळीतून शिरणारी हवा पाहावी. केळीच्या बागेजवळ किंवा कपाशीच्या ढिगाशेजारी उभ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात.

सेल्फवर हलकी थाप मारल्यावर तो फिरला तर त्यातले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश, झिजले आहेत. गाडी न्यूट्रलमध्ये असावी आणि हँडब्रेक ओढलेला असावा. धक्क्याने लगेच सुरू होणारी गाडीही सेल्फच्याच वाटेकडे बोट दाखवते. ऑटोमॅटिक गाडीला धक्का देऊ नये.

दुरुस्तीची चाचणी बिघाड घडे त्याच परिस्थितीत घ्यावी. उन्हात अडणारी गाडी गॅरेजच्या सावलीत दहा वेळा सुरू झाली तरी ते प्रमाण नव्हे. तिला भर दुपारी तीस-चाळीस किलोमीटर चालवून वीस मिनिटे बंद ठेवावे आणि मगच किल्ली फिरवावी.