मलेरियावरचे वनौषधी उपाय : सुरक्षितता आणि साइड इफेक्ट

मलेरियाच्या तापावर साल, पानं, मुळं यांचा काढा किंवा चूर्ण घ्यायची पद्धत फार जुनी, आणि क्विनाइन, आर्टेमिसिनिन ही औषधंही त्यातूनच आली. म्हणूनच "झाडपाला आहे, अपाय नाही" हे काही खरं नाही, कारण मलेरियाच्या परजीवीला मारणारा घटक आपल्या शरीरालाही लागू पडतोच.

क्विनाइन ज्यातून मिळतं त्या दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीचा वापर कसा सुरू झाला, यावर बराच वाद आहे. पेरूच्या व्हाइसरॉयची बायको, चिंचोनची काउंटेस, या सालीनं बरी झाली अशी गोष्ट सेबास्तियानो बादो या इटालियन वैद्यानं 1663 मध्ये छापली, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1742 मध्ये तिच्यावरूनच झाडाचं नाव ठेवलं (त्यात स्पेलिंगमधला एक एच गळला तो गळलाच), पण पुढे व्हाइसरॉयच्या दैनंदिनीशी ती गोष्ट जुळेना आणि आता बहुतेक अभ्यासक तिला दंतकथाच मानतात. तिथल्या अँडीज पर्वतातले लोक साल मलेरियावरच देत होते का, तर बहुधा नाही. फाल्सिपेरम मलेरिया (मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार) तिथे गुलामांच्या व्यापाराबरोबर पोचला हे मत जास्त पटतं, म्हणजे आधी ती नुसत्या हुडहुडीवर दिली जात असावी.

सालीतून क्विनाइन वेगळं केलं पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच संशोधकांनी, 1820 मध्ये. तोवर डोस म्हणजे अंदाजच, कारण प्रमाण झाडागणिक बदलतं. जास्त झालं की कानात आवाज, मळमळ, डोकेदुखी, अंधुक दिसणं, आणि त्याहून वाईट म्हणजे रक्तातली साखर उतरते, हृदयाची लय बिघडते. गरोदर बाईला साखर उतरायचा धोका जास्त.

आर्टेमिसिनिन ज्यातून मिळतं त्या आर्टेमिसिया अॅन्युआ या झाडाचं उलट आहे, तिथे डोस कमी पडण्याची भीती. चौथ्या शतकातला चिनी वैद्य गे होंग ती पाण्यात भिजवून (उकळून नव्हे) पिळून घ्यायला सांगतो, त्यावरून चिनी संशोधक तू यूयूनं उष्णता टाळून 1972 च्या सुमारास अर्क मिळवला. आर्टेमिसिनिन पाण्यात फारसं विरघळत नाही, मग तिच्या पानांचा चहा पिऊन ताप उतरतो पण परजीवी उरतात, आजार उलटतो आणि औषधाला दाद न देणारे परजीवी वाढायचा धोका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये असा वापर नको असंच म्हटलंय.

चीनमध्ये मलेरियावर देतात त्या चांगशान या वनस्पतीच्या मुळानं जोरदार उलट्या होतात. कडुनिंबाचं तेल पाजलेल्या लहान मुलांना झटके आलेत, यकृत बिघडलंय. गुळवेलीनंही काहींच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत.

फाल्सिपेरम 24 तासांतही गंभीर होऊ शकतो, काढ्यावर थांबण्यात तो वेळ जातो. शिवाय उलट्या, कावीळ, बेशुद्धी मलेरियातही होतात, त्यामुळे रोगी काय घेत होता हे विचारल्याशिवाय साइड इफेक्ट ओळखूच येत नाही.