वाहत्या पाण्याचे रेशीम आणि मावळतीचा उजेड

संध्याकाळच्या उजेडात टिपलेल्या लहान धबधब्याच्या छायाचित्रात पाणी रेशमासारखे मऊ आणि दुधाळ दिसते, तर भोवतीचे खडक आणि त्यांवरचे शेवाळ अगदी रेखीव असते. हे दृश्य आता इतके ओळखीचे झाले आहे की ती छायाचित्रकाराची जाणीवपूर्वक केलेली निवड आहे, असे आपण सहज धरून चालतो. छायाचित्रणाच्या पहिल्या चार दशकांत मात्र तो नाइलाज होता.

लुई डागेर यांनी १८३८च्या सुमारास पॅरिसमधील बुलेव्हार दु टांपल या वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देण्याचा वेळ, कित्येक मिनिटांचे असल्यामुळे चालती माणसे आणि घोडागाड्या त्यात उमटल्याच नाहीत. बूट चकचकीत करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा दिसतो. वाहत्या पाण्याची गोष्ट याहून वेगळी आहे. माणूस एकदा पुढे गेला की त्याची जागा रिकामी होते. धबधब्यात मात्र एका थेंबामागून दुसरा थेंब त्याच वाटेने येतो आणि प्रत्येक जण थोडा उजेड परावर्तित करून जातो. म्हणून पाणी नाहीसे होत नाही, त्याची वाट तेवढी उमटते. ह्यू ली पॅटिन्सन यांनी १८४० मध्ये नायगाऱ्याची पहिली डागेरोटाइप, म्हणजे डागेर यांच्या पद्धतीने धातूच्या पत्र्यावर उमटवलेली, चित्रे घेतली, त्यांत या वाटेचेच दर्शन घडते.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये काचेवर कलोडियन या चिकट रसायनाचा ओला लेप देण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि एक्स्पोजर सेकंदांवर आले. पण काच ओली असतानाच चित्र घेऊन ती धुवावी लागे, त्यामुळे अंधारी खोली तंबूच्या रूपाने धबधब्यापर्यंत वाहून न्यावी लागे. शिवाय कलोडियनला मुख्यतः निळा प्रकाशच कळत असे. परिणामी पांढरे पाणी आणि आकाश भडक उमटत, हिरवे शेवाळ काळवंडे. अशा साधनांनिशी कार्लटन वॉटकिन्स १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात गेले आणि सुमारे अठरा बाय बावीस इंचांच्या काचांवर त्यांनी तेथील कडे आणि धबधबे टिपले. अमेरिकी सरकारने १८६४ मध्ये या खोऱ्याला संरक्षण दिले, त्यामागे या चित्रांचा प्रभाव मानला जातो.

याच काळात, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात सक्रिय होते. पश्चिम भारतातील त्या पिढीची भिस्त व्यक्तिचित्रे, लेणी आणि देवळे यांवर होती, आणि ते स्वाभाविकच म्हणायला हवे, कारण हे सारे विषय कॅमेऱ्यासमोर स्थिर राहू शकत होते.

रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढील दहा वर्षांत ती इतकी सुधारली की सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र मिळू लागले. गती गोठवण्याकडची ही वाटचाल एडवर्ड मायब्रिज यांच्या कामातही दिसते. त्यांनी कोरडी काच रुळण्याआधीच, १८७२ मध्ये, योसेमिटीचे धबधबे धूसर पाण्यासह टिपले होते आणि १८७८ मध्ये, ओल्या काचाच वापरून, धावत्या घोड्याची पावले गोठवून दाखवली. थेंब गोठवता येऊ लागल्यावरच तो न गोठवणे हा निर्णय ठरला. माझ्या मते या प्रकारच्या छायाचित्रणाचा खरा आरंभ येथे आहे.

संधिप्रकाशाच्या दोन अडचणी मात्र कायम होत्या. पहिली म्हणजे काचेला मुख्यतः निळाच प्रकाश कळणे. हेरमान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंगद्रव्यांच्या साहाय्याने काचेला हिरव्या प्रकाशाची जाण दिली, आणि १९०६ मध्ये तांबड्यासह सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. दुसरी अडचण खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्ट्सशिल्ड यांनी ताऱ्यांची चित्रे घेताना मोजली. प्रकाश निम्मा झाला तर वेळ दुप्पट करून भरपाई होते, हा नियम अतिशय मंद प्रकाशात ढासळतो आणि वेळ दुपटीहून अधिक वाढवावा लागतो. सांजवेळी ट्रायपॉड लावून बसणाऱ्या प्रत्येक फिल्मवाल्याला हा हिशेब पाठ करावा लागे. १९९० मध्ये आलेल्या फुजीच्या वेल्विया फिल्मवर निसर्गचित्रकारांनी जीव लावला, पण एक्स्पोजर चार सेकंदांपर्यंत गेले की रंग सांभाळण्यासाठी किरमिजी फिल्टरची शिफारस खुद्द कंपनी करत असे.

लहान दृश्याला मान मिळवून देण्यात वैद्यकाचे शिक्षण घेतलेले अमेरिकी छायाचित्रकार एलियट पोर्टर यांचा वाटा मला सर्वांत मोलाचा वाटतो. भव्य कडे आणि विस्तीर्ण आकाश बाजूला ठेवून त्यांनी ओढ्यातले दगड, गळालेली पाने आणि झाडांचे बुंधे रंगीत फिल्मवर टिपले, आणि त्यासाठी बहुधा सावलीचा, पसरट उजेड निवडला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७९ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्याला ‘इंटिमेट लँडस्केप्स’ म्हणजे जवळिकीची निसर्गदृश्ये असे नाव देण्यात आले. सावलीचा आग्रह केवळ आवडीचा नव्हता. उन्हात पांढरे पाणी आणि ओला काळा खडक यांच्या उजळपणात इतके अंतर पडते की फिल्मला दोन्ही पेलत नाहीत. सूर्य गेल्यावर हे अंतर मिटू लागते. आज गडद एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काच, लावून भर दुपारीही पाणी दुधाळ करता येते, पण खडकावरचा तो समतोल उजेड काचेने मिळत नाही.

डिजिटल सेन्सरने श्वार्ट्सशिल्ड यांचा हिशेब जवळपास संपवला. त्याऐवजी दीर्घ एक्स्पोजरमधील नॉइज, म्हणजे चित्रात उमटणारे नकोसे ठिपके, सांभाळावा लागतो. डोळ्याची गंमत मात्र तशीच आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवले होते की तिन्हीसांजेला तांबडे रंग आधी विझतात आणि निळे-हिरवे तुलनेने उजळ राहतात. त्यामुळे आपल्याला शेवाळ तेजाळ वाटत असते, पण सेन्सर तसा बदलत नाही. शिवाय त्या वेळच्या आकाशाचा निळेपणा केवळ हवेने विखुरलेल्या प्रकाशाचा नसून त्यात ओझोनच्या शोषणाचा मोठा भाग असतो, हे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्ट यांनी १९५३ मध्ये दाखवले.

सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टवरून उतरणाऱ्या पावसाळी ओहळांपाशी हा सारा इतिहास फार थोड्या वेळात उलगडतो. आपल्या अक्षांशावर सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत तेवीस-चोवीस मिनिटे जातात, आणि तेवढ्यात मोकळ्या आकाशाखालचा उजेड शंभर पटींहून अधिक घटतो. म्हणजे साधारण दर साडेतीन मिनिटांनी एक्स्पोजर दुप्पट करावे लागते. सूर्यास्ताला पाव सेकंदात ज्या पाण्याच्या वेगळ्या धारा उमटत होत्या, त्याच पाण्याला शेवटी अर्धे मिनिट द्यावे लागते आणि तिथे धार उरत नाही, खडकाभोवती धुके उरते.