पार्श्वभूमी : नव्याने बांधलेले कॉलेज संघ सुरुवातीलाच का अडखळतात

जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात आर्कान्सा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या आपल्या गटात, पाच सामने खेळले होते आणि पाचही गमावले होते. टेनेसीकडून ५२-७६, ओल मिसकडून ६६-७३, फ्लोरिडाकडून ६३-७१, एलएसयूकडून ७४-७८ आणि मिझुरीकडून ६५-८३. प्रशिक्षक होते जॉन कॅलिपारी. केंटकीत १५ वर्षं काढून, तिथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून ते आर्कान्साच्या गावी, फेएटव्हिलला आले होते. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी सूत्रं हाती घेतली तेव्हा आधीचे प्रशिक्षक एरिक मसलमन दक्षिण कॅलिफोर्नियाला गेले होते आणि खेळाडूही पांगले होते. ट्रेव्हन ब्राझील तेवढा पुढे परत आला. बाकी संघ केंटकीहून सोबत आलेले तिघं, इतर विद्यापीठांतून आलेले अनुभवी खेळाडू आणि शाळेतून थेट आलेली मुलं यांतून उभा राहिला.

अशा वेळी लोक दोनच कारणं शोधतात. खेळाडू वाटले तेवढे चांगले नाहीत, किंवा प्रशिक्षकाचे दिवस संपले. मला दोन्ही पटत नाहीत. या संघांकडे गुणवत्ता असते, एकत्र घालवलेला वेळ नसतो. आणि हा वेळ कोणाच्या आळसामुळे गेलेला नाही. गेल्या ५० वर्षांत नियम एकेक करून बदलले, खेळाडू कॉलेजात राहण्याचा काळ आटत गेला, पण हंगामाची घडी जवळपास जुनीच राहिली.

पूर्वी कशी स्थिती होती हे सांगायला एकच सामना पुरेसा आहे. २७ नोव्हेंबर १९६५, लॉस एंजेलिस. यूसीएलएच्या नव्याकोऱ्या पॉली पॅव्हिलियनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांचा संघ विद्यापीठाच्या मुख्य संघाविरुद्ध उतरला. मुख्य संघ सलग दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता, तरी मुलांनी त्याला ७५-६० असं हरवलं. त्या मुलांत ल्यू अल्सिंडर होता, पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून जगाला माहीत झालेला. इतका सरस असूनही त्या वर्षी त्याला मुख्य संघातून खेळता आलं नाही, कारण कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा नियमच तसा होता : पहिलं वर्ष शिकायचं, खेळायचं दुसऱ्या वर्षापासून. अल्सिंडर खेळू लागल्यावर यूसीएलएने १९६७, १९६८ आणि १९६९ अशी तीन विजेतेपदं घेतली.

हा नियम १९७२-७३ च्या हंगामापासून गेला आणि पहिल्या वर्षाची मुलं मुख्य संघात खेळू लागली. त्याच सुमारास व्यावसायिक बास्केटबॉलचं दारही किलकिलं झालं होतं. स्पेन्सर हेवूडच्या खटल्यात १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्याच्या बाजूने गेला आणि शाळा संपून चार वर्षं होईपर्यंत एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, यायचं नाही, ही अट मोडीत निघाली. तरीही पुढची वीसेक वर्षं बहुतेक चांगले खेळाडू दोन-तीन वर्षं तरी कॉलेजात राहत. आर्कान्साने १९९४ चं विजेतेपद ड्यूकला ७६-७२ असं हरवून मिळवलं, तेव्हा नोलन रिचर्डसन यांच्या त्या संघातले कॉर्लिस विल्यमसन आणि स्कॉटी थर्मन दुसऱ्या वर्षाला होते. दोघं तिसऱ्या वर्षीही थांबले आणि १९९५ च्या अंतिम सामन्यातही खेळले. फेएटव्हिलचे जुने प्रेक्षक आजही संघाला मापतात ते त्याच काळाच्या मापाने, आणि ती सवय सहज सुटणारी नाही.

१९९५ मध्ये केविन गार्नेट शाळेतून थेट एनबीएत गेला, त्यापाठोपाठ कोबी ब्रायंट आणि २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स. एनबीएने २००५ च्या करारात अट घातली की खेळाडू किमान १९ वर्षांचा हवा आणि त्याच्या शाळेची बॅच बाहेर पडून एक वर्ष तरी झालेलं हवं. २००६ च्या ड्राफ्टपासून, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीपासून, ती लागू झाली. अट एनबीएची, पण तिचा भार पडला कॉलेजांवर. सगळ्यात गुणी मुलं आता कॉलेजात येणार, पण फक्त एका वर्षासाठी. यालाच ‘वन-अँड-डन’ म्हणू लागले.

कॅलिपारी २००९ मध्ये केंटकीला आले आणि त्यांनी हीच रीत संघबांधणीचा पाया केली. पहिल्याच वर्षी जॉन वॉल, डीमार्कस कझिन्स, एरिक ब्लेडसो अशी मुलं घेऊन त्यांनी ३५ सामने जिंकले, हरले फक्त तीन. २०१० च्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत त्यांचे पाच खेळाडू गेले. २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसच्या संघाने कॅन्ससला ६७-५९ असं हरवून विजेतेपद घेतलं. दरवर्षी नवा संघ बांधायचा आणि मार्चमधल्या एनसीएए स्पर्धेपर्यंत तो पिकवायचा, असा हा खेळ होता.

पण दरवर्षी तो पिकत नव्हता. विजेतेपदानंतरच्याच हंगामात नर्लेन्स नोएल जखमी झाला, केंटकीला एनसीएए स्पर्धेत जागा मिळाली नाही आणि दुय्यम असलेल्या एनआयटीतही पहिल्याच फेरीत रॉबर्ट मॉरिसने त्यांना ५९-५७ असं हरवलं. २०१३-१४ चा संघ १० सामने हरून, आठव्या मानांकनाने स्पर्धेत आला. अंतिम सामन्यात त्याने सुरुवातीला उतरवलेले पाचही जण पहिल्या वर्षाचे होते. यूकॉनकडून (कनेटिकट विद्यापीठ) ते ५४-६० असे हरले, पण तिथवर पोचले हे खरं. या संघातले हॅरिसन बंधू, डकारी जॉन्सन आणि त्यांच्यासोबत विली कॉली-स्टाइन आणखी एक वर्ष थांबले, उन्हाळ्यात संघ बहामाजला जाऊन सामने खेळून आला, आणि २०१४-१५ मध्ये केंटकीने सलग ३८ सामने जिंकले. हरले ते फक्त अंतिम चौघांत, विस्कॉन्सिनकडून. कॅलिपारींचा हा सर्वांत बळकट संघ नेमका तोच होता ज्यातली बरीच मुलं परत आली होती. इतका स्पष्ट पुरावा समोर असताना चर्चा मात्र पुढेही नव्या भरतीचीच होत राहिली, याचं मला नवल वाटतं.

एकत्र घालवलेला वेळ म्हणजे नेमकं काय, हे बचाव करताना सर्वांत लख्ख दिसतं. चेंडू हाती असलेल्या खेळाडूसाठी त्याचा उंच सहकारी स्क्रीन लावतो, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत आडवा उभा राहतो. बचाव करणाऱ्या दोघांनी अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं : आपापला माणूस धरून राहायचं, अदलाबदल करायची, की दोघांनी मिळून चेंडूवाल्याला कोंडायचं. हे ठरतं एका हाकेवर. मागे उभा असलेला उंच खेळाडू हाक देतो, पुढचा मान न वळवता ती मानतो, आणि दूरच्या कोपऱ्यातला तिसरा त्याच क्षणी बास्केटखाली सरकलेला असतो. हाक उशिरा आली किंवा ऐकणाऱ्याचा विश्वास बसला नाही, तर कोपऱ्यातला नेमबाज मोकळा सुटतो. हे फळ्यावर शिकवता येतं, पण अंगात भिनतं ते शेकडो वेळा चुकून. आणि चुकायला मिळणारे दिवस मोजके असतात. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधीच्या ४२ दिवसांत ३० सरावसत्रं घेता येतात. हंगाम चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. उन्हाळ्यातल्या सरावाचे तासही बांधलेले. चार वर्षं एकत्र राहिलेल्या संघाला हे पुरतं, काल भेटलेल्या मुलांना पुरत नाही.

त्यामुळे नोव्हेंबरात असे निकाल लागतात की पुढे कोणाचा विश्वास बसू नये. १२ नोव्हेंबर २०१९ ला क्रमवारीत पहिल्या असलेल्या केंटकीला त्यांच्याच मैदानात, रप अरीनात, इव्हान्सव्हिलने ६७-६४ असं हरवलं. तोच इव्हान्सव्हिल संघ त्या हंगामात आपल्या कॉन्फरन्समधले १८ च्या १८ सामने हरला आणि तोच केंटकी संघ आपल्या कॉन्फरन्सचा विजेता ठरला. नोव्हेंबरातला केंटकी आणि फेब्रुवारीतला केंटकी हे दोन वेगळे संघ होते.

पुढच्या वर्षी मात्र हे वळण आलंच नाही. २०२०-२१ च्या हंगामासाठी केंटकीकडे आधीच्या वर्षी खेळलेला शिष्यवृत्तीवरचा एकच खेळाडू उरला होता, कीऑन ब्रूक्स, आणि तोही सुरुवातीला जखमी होता. सोडून गेलेल्यांपैकी जॉनी जुझँग यूसीएलएला गेला आणि त्याच हंगामात त्या संघासोबत अंतिम चौघांत पोचला. कोव्हिडमुळे उन्हाळ्यातला सराव तुटपुंजा, सराव सामने नाहीत आणि हंगामाची सुरुवातच २५ नोव्हेंबरला. मोअरहेड स्टेटवर ८१-४५ असा विजय मिळवून सुरुवात झाली. चार दिवसांनी रिचमंड आला. रिचमंडच्या संघात जेकब गिल्यार्डसारखे वर्षानुवर्षं एकत्र खेळलेले सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाचे खेळाडू होते. केंटकीने तीन गुणांसाठी १० वेळा नेम धरला, १० वेळा चुकला, आणि सामना ६४-७६ असा गेला. मग कॅन्सस, जॉर्जिया टेक, नोत्र दाम, नॉर्थ कॅरोलिना, लुइव्हिल. सात सामन्यांत एक विजय. प्रतिस्पर्ध्यांची ही यादी अनुभवी संघालाही दमवणारी होती, आणि ती ठरली होती संघ कसा असेल हे कोणाला माहीत नसताना.

२ जानेवारी २०२१ ला मिसिसिपी स्टेटविरुद्ध दोन जादा डावांनंतर केंटकीने ७८-७३ असा सामना काढला, तो डोन्टे ॲलनच्या २३ गुणांवर. त्यात सात थ्री-पॉइंटर, म्हणजे दुरून मारलेले तीन गुणांचे नेम. ॲलन हा केंटकीच्याच एका छोट्या गावातला मुलगा. आदलं वर्ष दुखापतीमुळे तो खेळला नव्हता, पण ते सगळं वर्ष तो याच संघासोबत होता. मोठ्या नावांच्या गर्दीत त्याला जानेवारीपर्यंत फारशी संधीच मिळाली नव्हती. हंगाम ९ विजय आणि १६ पराभवांवर संपला. १९८८-८९ नंतर विजयांहून पराभव जास्त झाल्याचा केंटकीचा हा पहिलाच हंगाम. पायाच्या दुखापतीमुळे जेमतेम आठ सामने खेळू शकलेला टेरेन्स क्लार्क त्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसमध्ये मोटार अपघातात गेला, अवघ्या १९ व्या वर्षी. त्या संघावर वर्षभर जे लिहिलं-बोललं गेलं ते आठवलं की ही मुलं किती लहान होती हे आधी मनात येतं.

तेव्हापासून नियम आणखी सैल झाले. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारं ट्रान्सफर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं होतं. एप्रिल २०२१ मध्ये एनसीएएने प्रत्येक खेळाडूला एकदा, वर्षभर बाहेर न बसता, विद्यापीठ बदलायची मुभा दिली. १ जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावू लागले. ते न्याय्यच होतं, फार आधी व्हायला हवं होतं. २०२४ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर ‘एकदाच’ ही मर्यादाही गेली. आता दर वसंतात अर्धा संघ बदलणं ही नेहमीची गोष्ट झाली आहे.

याचा एक परिणाम कॅलिपारींना महाग पडला. पोर्टलमुळे इतर संघांत २२-२३ वर्षांचे खेळाडू आले आणि १८-१९ वर्षांच्या मुलांचा संघ त्यांच्यापुढे कच्चा पडू लागला. मार्च २०२४ मध्ये ओकलंडने केंटकीला ८०-७६ असं बाहेर काढलं. दुय्यम विभागातल्या कॉलेजातून आलेल्या जॅक गोल्की या पदव्युत्तर विद्यार्थ्याने त्या दिवशी १० थ्री-पॉइंटर मारले. काही आठवड्यांत कॅलिपारी आर्कान्साला होते.

त्यांच्या जागी केंटकीत आलेल्या मार्क पोप यांच्या हातीही रिकामाच संघ होता. पण त्यांनी लमॉन्ट बटलर, अँड्र्यू कार, कोबी ब्रेया असे कॉलेजात मुरलेले खेळाडू घेतले, शिवाय ब्रिगहॅम यंग विद्यापीठात आपल्याच हाताखाली खेळलेला जॅक्सन रॉबिन्सन आणला. नोव्हेंबरात या संघाने ड्यूकला ७७-७२ असं हरवलं. वेळ नव्हता, म्हणून पोप यांनी तो दुसऱ्या विद्यापीठांकडून उसना घेतला.

आर्कान्साचं पुढे काय झालं? मिझुरीच्या पराभवानंतर चेंडू सांभाळणारा बूगी फ्लँड अंगठ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. आता सगळंच संपलं असं वाटत असताना संघाने जॉर्जियाला ६८-६५ असं हरवलं आणि १ फेब्रुवारीला रप अरीनात जाऊन केंटकीलाही ८९-७९. ज्या मैदानात कॅलिपारींनी १५ वर्षं जिंकलं, तिथे त्यांची हुर्यो उडवली जात होती. कॉन्फरन्समध्ये ८ विजय, १० पराभव, दहावं मानांकन, मग एनसीएए स्पर्धेत कॅन्ससवर ७९-७२ आणि अनुभवी प्रशिक्षक रिक पिटिनो यांच्या सेंट जॉन्सवर ७५-६६ असे विजय. त्यापुढच्या फेरीत टेक्सास टेकविरुद्ध १६ गुणांची आघाडी हातची गेली आणि जादा डावात ८३-८५ असा पराभव झाला. जानेवारीत या संघाची रवानगी कधीच झाल्याचं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

सुरुवातीच्या या अडचणीवर एनसीएएने थोडा उपाय केला आहे. २०२५-२६ पासून हंगामाआधी दुसऱ्या विद्यापीठांशी दोन सराव सामने खेळायला मोकळीक मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंटकीने अशाच सामन्यात पर्ड्यूला ७८-६५ असं हरवलं. पर्ड्यू तेव्हा हंगामपूर्व क्रमवारीत पहिला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नॅशव्हिलला त्याच केंटकीला गोंझागाने ९४-५९ असं चिरडलं आणि स्वतःच्याच पाठीराख्यांनी संघाची हुर्यो केली. २०२६-२७ पासून नियमित हंगामात ३२ सामने खेळता येणार आहेत. म्हणजे सामने वाढले, पण एकमेकांची हाक ओळखायला लागणारे दिवस आहेत तेवढेच आहेत.