मॅक्कलक विरुद्ध मेरीलँड

मॅक्कलक विरुद्ध मेरीलँड : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च १८१९ रोजी एकमताने दिलेला निकाल. संघ सरकारचे अधिकार कुठवर पोहोचतात आणि घटक राज्यांनी कुठे थांबावे, याची चर्चा अमेरिकेत आजही या निकालाला वळसा घालून होत नाही. मूळ भांडण मात्र एका बँकेवरील कराचे होते.

ब्रिटनशी झालेल्या युद्धाने आर्थिक घडी विस्कटल्यावर काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) १८१६ मध्ये दुसऱ्या ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ला सनद दिली. अनेक राज्यांच्या डोळ्यांत ती सलू लागली. मेरीलँडने १८१८ मध्ये कायदा केला, की राज्याची सनद नसलेल्या बँकेने नोटा राज्याकडून विकत घेतलेल्या मुद्रांकित कागदावरच काढाव्यात किंवा वर्षाला १५,००० डॉलर भरावेत. कायद्यात बँकेचे नाव नव्हते, पण रोख उघड होता. बाल्टिमोर शाखेचा रोखपाल जेम्स मॅक्कलक याने कर भरला नाही, आणि राज्याच्या न्यायालयांत तो हरला. (निकालाच्याच वर्षी, १८१९ मध्ये, शाखेतील गैरव्यवहार बाहेर आले व त्याची नोकरी गेली, घटनात्मक इतिहासाचे नायक नेहमी स्वच्छ असतातच असे नाही.)

सर्वोच्च न्यायालयात बँकेतर्फे डॅनियल वेबस्टर प्रभृती उभे राहिले. मेरीलँडची बाजू ल्यूथर मार्टिनने मांडली. १७८७ च्या घटना परिषदेतून मसुद्यावर सही न करताच तो निघून गेला होता.

घटनेत बँकेचा उल्लेख नाही. पण कर, कर्ज, व्यापार, सैन्य हे विषय काँग्रेसकडे आहेत आणि त्यांसाठी ‘आवश्यक व उचित’ कायदे करण्याची मुभाही आहे. ‘आवश्यक’ म्हणजे ज्यावाचून चालणारच नाही तेवढेच, असे मेरीलँडचे म्हणणे. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ते फेटाळले: उद्दिष्ट घटनेत बसत असेल, तर त्याला साजेसे आणि घटनेने न रोखलेले साधन काँग्रेसला निवडता येते. आधीच्या राज्यसंघाच्या करारात ‘स्पष्टपणे’ सोपवलेलेच अधिकार केंद्राला होते; संघाला न दिलेले अधिकार राज्यांकडे राखणाऱ्या दहाव्या घटनादुरुस्तीत तो शब्द नाही, याकडेही त्यांनी बोट दाखवले.

कर लावण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचा अधिकार येतो, हे निकालातील विधान सर्वाधिक उद्धृत होते. खरे वजन त्यामागच्या युक्तिवादाला आहे. काँग्रेसने राज्याच्या बँकेवर कर लावला, तर त्या राज्याचे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असतात. मेरीलँडने संघाच्या बँकेवर लावला, तर भार साऱ्या देशावर पडतो, पण इतर राज्यांतील लोकांना मेरीलँडच्या विधिमंडळात आवाज नसतो. म्हणून मेरीलँडचा कर घटनाबाह्य ठरला.

व्हर्जिनियात न्यायाधीश स्पेन्सर रोन यांनी टोपणनावाने टीकेची झोड उठवली. मार्शल यांनीही टोपणनावानेच वृत्तपत्रांतून उत्तरे दिली. ओहायो राज्याच्या अधिकाऱ्यांनी तर सप्टेंबर १८१९ मध्ये बँकेच्या चिलिकॉथी शाखेत शिरून आपल्या राज्याच्या कराची रक्कम जबरीने नेली. ती परत करण्याचा आदेश १८२४ मध्ये ऑस्बॉर्न खटल्यात कायम झाला. मार्शल यांचा कल सरसकट केंद्राकडे होता असेही नाही: नागरिकांच्या हक्कांची सनद (घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या) राज्यांना लागू नाही, असा निकाल त्यांनीच १८३३ मध्ये बॅरन खटल्यात दिला. बँकेला मात्र न्यायालय वाचवू शकले नाही. बँकेची सनद वाढवण्याचे विधेयक राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३२ मध्ये नाकारले, तेही न्यायालयाचे मत आपल्यावर बंधनकारक नाही असे सांगून. १८३६ मध्ये सनद संपली.