मराठवाड्यातील स्त्रियांचे महाविद्यालयीन शिक्षण

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या मुलीच्या वाटेत घरच्यांचा नकार होताच, पण त्याआधी आडवे येई ते अंतर. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादला निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. माध्यमिक शाळांतही उर्दूचाच जोर. घरी जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या पोरीला गणित-भूगोल शिकायचा तर आधी दुसरी लिपी गिरवावी लागे. औरंगाबादला १९२३ पासून सरकारी कॉलेज होते, ते इंटरपर्यंतच, म्हणजे पदवीच्या आधीच्या टप्प्यापर्यंत. पुढे हैदराबाद. मराठीतून शिकवणारे कर्व्यांचे महिला विद्यापीठ (१९१६) पुण्यात, म्हणजे संस्थानाच्या हद्दीबाहेर. एवढा विचार होईपर्यंत मुलीचे लग्न उरकलेले असे.

कॉलेज दारापाशी येऊ लागले ते १९५० पासून. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेजही त्याच साली उभे राहिले. गावकुसाबाहेरच्या घरातली लेक पदवीधर होऊ शकते, ही गोष्ट मिलिंदच्या परिसराने, म्हणजे नागसेनवनाने खरी करून दाखवली. मराठवाड्याच्या इतिहासात हिचे मोल फार मोठे आहे. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले. पुढे औरंगाबाद, जालना, परभणी येथे महिला महाविद्यालये निघाली आणि ‘मुलामुलींच्या कॉलेजात नको’ म्हणणारे वडीलही राजी होऊ लागले.

खेड्यातल्या मुलीचे कॉलेज मात्र एस.टी.च्या वेळापत्रकावर चालत आले आहे. रात्री गावात थांबणारी मुक्कामी गाडी पहाटे तालुक्याला निघते. तिच्यात दूधवाल्यांच्या कॅनशेजारी वह्या छातीशी धरून मुली उभ्या असतात. परतीची गाडी चुकली की घरी बोलणी, आणि दोन-तीनदा चुकली की शिक्षण बंद. ही गाडी मराठवाड्यात कॉलेजच्या इमारतीइतकीच महत्त्वाची मानायला हवी.

बीडसारख्या ऊसतोडीच्या पट्ट्यात अडचण आणखी खोल आहे. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीलाच मिळते, त्यामुळे मुलींची लग्ने लवकर होतात. आईबाप कारखान्यावर गेले की मागे राहिलेल्या थोरलीवर धाकट्यांची चूल पडते.

आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य सरकारने पूर्ण माफ केले. खोलीभाडे आणि मेसचे पैसे मात्र या माफीत येत नाहीत.