आयपी अॅड्रेस शेजाऱ्याचाच दिसतो? राउटर रिसेट करण्याआधी हे वाचा

ऐरोली, घणसोली आणि कोपरखैरणे येथील आमच्या ग्राहकांसाठी

वेबसाइटवर तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) एक दिसतो, राउटरच्या पानावर दुसराच. समोरच्या विंगमध्ये पाहावे तर तिथेही वेबसाइटवरचाच नंबर. आपले कनेक्शन कोणीतरी वापरत आहे अशी शंका येते आणि राउटरमागच्या बारीक भोकात टाचणी जाते. कृपया हे करू नका. तोपर्यंत बिघाड काहीच नसतो. तो रिसेटने होतो. दहा सेकंद दाबले की आमच्या नेटवर्कशी जोडणारी सेटिंग, म्हणजे पीपीपीओई लॉगिनचे युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर, पुसली जातात. पॉनचा (फायबरचा) दिवा हिरवाच राहतो, इंटरनेटचा विझतो, आणि आमच्या माणसाने घरी आल्याशिवाय तो पेटत नाही. राउटर अडकलाच असेल तर स्विच बंद करून ३० सेकंदांनी चालू करा. तेवढे पुरते.

नंबर एकच असण्याचे कारण टंचाई. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी. आशिया-प्रशांत विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. म्हणून घरच्या राउटरला आतला पत्ता मिळतो आणि बाहेर पडताना आमचा मोठा राउटर अनेकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता लावतो. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (आमच्याकडून राउटरला मिळालेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटवर आहात. हे आकडे २०१२ पासून याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत.

पत्ता एक असला तरी कोणाचे उत्तर कोणाकडे जायचे हे पोर्ट नंबरवरून, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराच्या क्रमांकावरून ठरते. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. पहिले १,०२४ सोडून उरलेल्यांतून आम्ही प्रत्येक घराला १,०२४ पोर्टचा स्वतंत्र गठ्ठा देतो, म्हणजे एका पत्त्यावर जास्तीत जास्त ६३ घरे. याहून दाटी केली तर आमचा खर्च वाचेल, पण पाने अर्धवट उघडतात आणि 'मी रोबोट नाही' अशा खुणा वारंवार कराव्या लागतात. ते आम्हाला पटत नाही. टॉरेंट वापरणाऱ्यांनी मात्र कनेक्शनची मर्यादा २०० वर ठेवावी, नाहीतर स्वतःचाच गठ्ठा संपतो आणि घरातल्या इतरांचे नेट रेंगाळते.

दुसऱ्याने काही गैर केले तर नाव आपले येईल का, हेही नेहमी विचारले जाते. कोणता गठ्ठा कोणत्या वेळी कोणाकडे होता याची नोंद आम्ही ठेवतो. चौकशीसाठी नुसता आयपी पुरत नाही. अचूक वेळ आणि पोर्ट नंबरही लागतो.

खरी अडचण कॅमेऱ्यांची. गावी गेल्यावर दुकानाचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारा डबा) दिसत नाही, म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केले जाते, म्हणजे बाहेरून आलेली हाक डीव्हीआरकडे वळवली जाते. सीजीनॅटवर ते चालत नाही. बाहेरून आलेली हाक आमच्या मोठ्या राउटरपाशीच थांबते, कारण ६३ घरांपैकी ती कोणासाठी आहे हे त्याला कळत नाही. त्याऐवजी डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत पी२पी (पोर्ट न उघडता अॅपशी जोडणारी सोय) चालू करा, स्थिती ऑनलाइन झाली की क्यूआर कोड मोबाइल अॅपमध्ये स्कॅन करा. बहुतेकांचे काम इथेच होते, पैसेही लागत नाहीत.

राउटरमधले आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) बंद करू नका. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळतो. ज्या साइटना ते चालते त्यांची वाहतूक सीजीनॅटमधून जातच नाही.

ऑफिसचा सर्व्हर, टॅली किंवा व्हीपीएन बाहेरून थेट उघडायचे असेल, तर स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) घ्या. तो फक्त तुमचाच असतो. अर्जावर उपकरणाचे मॉडेल आणि हवा असलेला पोर्ट लिहा. पोर्ट आम्ही उघडून देतो. त्याआधी उपकरणाचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदला, कारण सार्वजनिक पत्त्यावर उघडा पोर्ट दिसला की काही तासांतच अनोळखी लोक तो पासवर्ड लावून पाहू लागतात.