मूल हरवले तर: गुन्हा कसा नोंदवायचा, कोणते कागद लागतात, पाठपुरावा कुठे करायचा

मूल दिसेनासे झाले की 24 तास वाट पाहावी, असा कोणताही नियम नाही. पहिले काही तासच सर्वांत मोलाचे असतात आणि नेमके तेच या गैरसमजात निघून जातात. घरातली कपाटे, पाण्याची टाकी, गच्ची, बंद उभ्या गाड्या, जवळची विहीर किंवा तळे हे सगळे शेजाऱ्यांना लगेच पाहू द्या. त्याच वेळी एकाने 112 ला फोन करावा आणि आईवडिलांपैकी एकाने थेट पोलीस ठाणे गाठावे. मुलांसाठीची 1098 हेल्पलाइनही दिवसरात्र चालू असते. चुकामूक रेल्वे स्थानकात किंवा गाडीत झाली असेल तर 139.

तक्रार आईवडिलांनीच द्यावी असे बंधन नाही. आजी-आजोबा, शेजारी, शिक्षक, मुलाची माहिती असलेले कोणीही देऊ शकते. मूल यात्रेत किंवा दुसऱ्या गावी हरवले असले तरी जवळच्या ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ (घटना कोणत्याही हद्दीत घडली तरी नोंदवला जाणारा गुन्हा) नोंदवता येतो. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. तक्रार ऑनलाइन दिली तर 3 दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते.

इथेच सर्वाधिक पालक अडकतात. ठाण्यात ‘मिसिंग’ (व्यक्ती हरवल्याची साधी नोंद) दाखल होते, तिचा क्रमांक हातात पडतो आणि काम झाले असे वाटते. प्रौढ माणसासाठी ती नोंद ठीक आहे; 18 वर्षांखालच्या मुलासाठी ती पुरेशी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बचपन बचाओ आंदोलन या बालहक्क संघटनेच्या याचिकेवर स्पष्ट सांगितले की, हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हाच नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असावी असे धरूनच तपास सुरू करायचा. आज हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 137(2) खाली नोंदतात (1 जुलै 2024 पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम 363). जुन्या कायद्यात मुलग्यासाठी वयाची मर्यादा 16 होती, आता मुलगा असो वा मुलगी, 18 आहे. म्हणून ‘सतरा वर्षांची आहे, कुणाबरोबर तरी गेली असेल, येईल परत’ हे उत्तर मान्य करू नका. ‘आधी 14 दिवस प्राथमिक चौकशी करू’ हेही नाही: ती सवलत 7 वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे, आणि कलम 137(2) ची शिक्षा 7 वर्षांपर्यंत आहे.

फिर्याद वाचून मगच सही करा. वय, शेवटचे कुठे आणि किती वाजता दिसले, अंगावरचे कपडे, चप्पल, दप्तर, कोणावर संशय हे सगळे त्यात आले पाहिजे. घरात रागावले-मारले असेल, परीक्षेचे दडपण असेल, तर तेही सांगा. लाजेपोटी लपवलेली गोष्ट तपासाची दिशाच चुकवते. एफआयआरची प्रत विनाशुल्क मिळते; घेतल्याशिवाय उठू नका.

नोंद नाकारली तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालयात उपायुक्तांना) रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तरीही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, दूरध्वनी 15100. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे अर्ज आईच्या नावाने करणे सोयीचे.

कागद नाहीत म्हणून नोंद थांबत नाही. पण हे शक्य तितक्या लवकर पोचवा:

- अलीकडचा, चेहरा समोरून दिसणारा फोटो. फिल्टर लावलेला नको
- जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाइड, कारण सगळे कलम वयावर उभे आहे
- मुलाचा आधार क्रमांक
- जन्मखुणा, जुन्या जखमा, चालू औषधे, बोलण्यातली अडचण, मूल कोणती भाषा बोलते
- मुलाकडे मोबाइल असेल तर नंबर आणि खोक्यावरचा आयएमईआय (त्या फोनचा ओळख क्रमांक)

आधार क्रमांकाला कमी लेखू नका. बालगृहातल्या मुलाची नवी आधार नोंदणी करताना बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले आणि घर सापडले, असे नागपूरच्या आधार सेवा केंद्रात घडलेले आहे. ठसे वयाच्या 5 वर्षांनंतर घेतले जातात, तेव्हाचे अद्ययावतीकरण राहिले असेल तर हा मार्ग बंद होतो. हरवलेल्या मुलाचे सिमकार्ड बंद करू नका, घरातला संगणक किंवा जुना फोन पुसू नका. सीसीटीव्हीचे चित्रण अनेक ठिकाणी काही दिवसांतच पुसले जाते. दुकानदार आणि सोसायट्यांची यादी करून ते ताब्यात घेण्याची विनंती तपास अंमलदाराला लेखी द्या.

समाजमाध्यमांवर फोटो टाकताना ठाण्याचा नंबर द्या, घरचा पत्ता नको. एक खूण मुद्दाम जाहीर करू नका: ‘मूल माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असे फोन येतातच, आणि त्या खुणेवरून खरेखोटे कळते. असा फोन आल्याबरोबर पोलिसांना सांगा. एकट्याने कुठेही जाऊ नका.

पुढच्या दिवसांत मुलाची माहिती ‘मिशन वात्सल्य’ या हरवलेल्या-सापडलेल्या मुलांच्या सरकारी पोर्टलवर चढली का, हे विचारा. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीलाही (सापडलेल्या मुलांचा ताबा आणि काळजी ठरवणारी समिती) फोटो आणि एफआयआरची प्रत द्या. मूल लहान असेल, नाव-गाव सांगू शकत नसेल तर ही धाव फार गरजेची आहे. पालक सापडत नाहीत असे ठरले तर 2 वर्षांपर्यंतच्या मुलाला 2 महिन्यांत आणि त्याहून मोठ्याला 4 महिन्यांत दत्तकासाठी मुक्त घोषित करण्याची तरतूद आहे.

4 महिन्यांत शोध लागला नाही तर बाल न्याय नियमांनुसार तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्षाकडे जातो, आणि दर 3 महिन्यांनी त्याचा अहवाल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यावा लागतो. हे आपोआप होईल असे गृहीत धरू नका. मुदत संपताच लेखी अर्ज करून तपास त्या कक्षाकडे वर्ग झाल्याचा क्रमांक घ्या. मुलाला कोणी डांबून ठेवल्याची ठोस शंका असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका (डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी) करता येते.

मूल सापडले की ते 24 तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) बाल कल्याण समितीपुढे हजर केले जाते आणि ताबा समितीच्या आदेशानेच मिळतो. दुसऱ्या राज्यात घ्यायला जाताना एफआयआर, मुलाचा जन्मदाखला, तुमचे ओळखपत्र, रेशनकार्ड आणि एकत्र काढलेले फोटो बरोबर ठेवा. परतल्यावर समाजमाध्यमांवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाका, कारण अशा मुलाची ओळख जाहीर करायला कायद्याने मनाई आहे, आणि पोर्टलवरची नोंद ‘सापडले’ अशी बदलून घ्या.